समुद्री शैवालाच्या विषाणूचा जीनोम: बेळगावातून सुरुवात कशी करावी

बेळगावला समुद्र नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून एमएस्सीला आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, समुद्र नसताना समुद्राच्या शैवालावर काम कसं करायचं?" करता येतं. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला किंवा चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. पाच लिटर पाणी घेऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि पुढची आठ-दहा महिन्यांची कामं मायक्रोबायॉलॉजीच्या साध्या लॅबमध्ये होतात. लॅमिनार, ऑटोक्लेव्ह, सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, फ्रीज आणि ट्यूबलाइट लावलेलं एक कपाट असलं की झालं.

सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारं मशीन, आपल्याकडे नाही म्हणून अनेकजण या विषयाकडे वळतच नाहीत. पण मशीनचं काम दोन-तीन दिवसांचं असतं आणि ते पैसे देऊन बाहेर करून मिळतं. जीनोम, म्हणजे विषाणूची सगळी जनुकीय अक्षरं, नीट निघणार की वाया जाणार, हे त्याआधी आपल्या फ्लास्कमध्ये ठरतं. म्हणून या लेखात फ्लास्कवर जास्त लिहिलंय, कॉम्प्युटरवर कमी.

आधी हे विषाणू कोण, ते पाहू

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात. त्यातले बहुतेक बॅक्टेरियांवर जगतात, थोडे शैवालांवर. शैवालांवरच्या विषाणूंत काही अवाढव्य आहेत. एमिलियानिया हक्सलेयी या चुनखडीचं कवच करणाऱ्या शैवालावरचा ईएचव्ही-८६ हा विषाणू इंग्लिश खाडीत १९९९ साली मिळाला आणि त्याचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी ४,०७,३३९ बेस (म्हणजे अक्षरं) आहे आणि त्यात ४७२ जनुकं ओळखली गेली. त्यात स्फिंगोलिपिड नावाची चरबी तयार करणारी जनुकंही निघाली. असलं काम विषाणूकडे असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. टेट्रासेल्मिस या हिरव्या शैवालावरचा टेटव्ही-१ तर ६ लाख ६८ हजार बेसचा आहे, आणि त्याच्याकडे आंबवण्याच्या क्रियेशी निगडित जनुकं आहेत.

पण सगळेच मोठे नसतात. हेटेरोसिग्मा या शैवालावरच्या एका आरएनए विषाणूचा जीनोम जेमतेम साडेआठ हजार बेसचा आहे. कीटोसेरॉस या डायटमवर, म्हणजे काचेसारखं सिलिकाचं कवच असलेल्या शैवालावर, एकपदरी डीएनएचे, सहा हजार बेसच्या आसपासचे विषाणू सापडलेत. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, पुढे डीएनए काढताना उपयोगी पडेल.

यजमान कुठला घ्यावा

विषाणू शोधायच्या आधी त्याचा यजमान, म्हणजे शैवाल, घरात नीट वाढलं पाहिजे. नवशिक्यांना मी टेट्रासेल्मिस सुचवतो. कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांचं खाद्य म्हणून ते वाढवतात, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर ते सहज मिळतं आणि उष्णतेने लगेच कोमेजत नाही. शिवाय डोळ्यांना दिसतं. एक थेंब काचपट्टीवर घेऊन ४० च्या लेन्सखाली पाहा: पोपटी रंगाच्या, किंचित चपट्या पेशी चार शेपट्यांच्या जोरावर सरळ रेषेत सुसाट जातात, काचेला आपटतात, वळतात. ही धावपळ रोज पाहायची सवय लावून घ्या. विषाणूची लागण झाली की पहिल्यांदा हीच धावपळ थांबते. हिरवा रंग जातो तो त्यानंतर.

वाढवायला एफ/२ हे माध्यम वापरा. समुद्राचं पाणी गाळून ऑटोक्लेव्ह करायचं, गार झाल्यावर नायट्रेट, फॉस्फेट, धातूंचं मिश्रण आणि जीवनसत्त्वं वेगळी निर्जंतुक करून घालायची. सगळं एकत्र करून ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर तळाला पांढरा साका बसतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली फसवतो. टेट्रासेल्मिसला सिलिकेट लागत नाही, ते डायटमसाठी. माध्यमाचं समुद्री पाणी एकदाच वीस लिटर आणून काळ्या कापडाखाली ठेवा. जुनं झालेलं पाणी जास्त चांगलं चालतं.

हॅचरीतून आणलेल्या शैवालासोबत बॅक्टेरिया भरपूर येतात. आगर प्लेटवर रेघा ओढून एकेक वसाहत उचला, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या माध्यमातून दोन-तीनदा फिरवा. अगदी शून्य बॅक्टेरिया झाले नाहीत तरी चालेल, पण जितके कमी तितके पुढचे पैसे वाचतात. आणि एक नियम कडक पाळा: विषाणू हाती लागल्यावर त्या लॅबमधलं काहीही परत हॅचरीत जाऊ द्यायचं नाही. हे विषाणू माणसाला काही करत नाहीत, पण हॅचरीच्या टाकीतलं खाद्य एका रात्रीत बसवू शकतात. टाकाऊ फ्लास्क ऑटोक्लेव्ह करूनच ओता.

पाणी आणायला जाताना

ऑक्टोबर ते मे हे दिवस बरे. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी किनाऱ्याला लागलेलं असतं आणि फिल्टर पाच मिनिटांत चोंदतो. सोबत पाच लिटरचा कॅन, दोरी बांधलेली बादली, थर्मामीटर, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि थर्माकोलची पेटी घ्या. पेटी बेळगावच्या मासळी बाजारात मिळते आणि बर्फ वेंगुर्ल्याच्या बंदरावर. पाणी नुसत्या बर्फाच्या गारव्यात ठेवायचं, गोठवायचं नाही.

कॅन त्याच समुद्राच्या पाण्याने तीनदा विसळून मग भरा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, तापमान, क्षारता आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश तिथल्या तिथे वहीत लिहा, पेन्सिलीने. शाई खाऱ्या पाण्याने पसरते. जीनोम जमा करताना हीच माहिती विचारली जाते आणि तेव्हा आठवून लिहिता येत नाही. "पाणी कित्याक व्हरतास?" (पाणी कशाला नेता?) असं विचारणारे एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, काका आमच्या विद्यार्थ्यांना भेटले. मुलांनी त्यांना थांबून सगळं सांगितलं. त्यांनीच मग पाण्याचा रंग कुठल्या खडकापाशी आणि कुठल्या महिन्यात बदलतो ते दाखवलं. पुढच्या दोन फेऱ्या आम्ही तिथूनच पाणी घेतलं. किनाऱ्यावरच्या माणसांशी बोला.

त्याच रात्री पाणी गाळा. आधी काचतंतूच्या फिल्टरमधून, मग ०.४५ मायक्रॉनमधून. हाताशी ०.२२ चा फिल्टर असतो आणि तोच वापरायचा मोह होतो, पण टेटव्ही-१ सारखा विषाणू २०० नॅनोमीटरहून मोठा असतो. बॅक्टेरियांबरोबर तोही अडकून राहील आणि ज्याच्या शोधात गेलात तोच केराच्या टोपलीत जाईल.

लागण घडवणे आणि तिची खात्री

जोमाने वाढणारं टेट्रासेल्मिस ४० मिलिलिटर, त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी १० मिलिलिटर, वर थोडं एफ/२ चं खाद्य. बारा तास उजेड, बारा तास अंधार, तापमान २२ ते २५ अंश. सोबत दोन फ्लास्क असे ठेवा की ज्यात तेच पाणी उकळून, गार करून घातलंय. रोज सकाळी एकाच वेळी सगळे पाहा. तीन आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते.

उकळलेल्या पाण्याचे फ्लास्क का, ते माझ्यावर गुदरलेल्या प्रसंगावरून सांगतो. एका मे महिन्यात माझे चारही फ्लास्क दोन दिवसांत फिके पडले. पेशी तळाला बसल्या होत्या, शेपट्या गळाल्या होत्या. मी विषाणू मिळाला असं समजून ते गाळून पुढच्या संस्कृतीत, म्हणजे वाढत्या शैवालाच्या फ्लास्कमध्ये, घातलं, त्यावर पंधरा दिवस घालवले आणि काहीच झालं नाही. मग वॉचमनकाकांच्या वहीत पाहिलं तर त्या शनिवारी रात्री नऊ तास वीज नव्हती. खोली तापली आणि शैवाल उष्णतेने मेलं होतं. सोबत एक जरी तुलनेचा फ्लास्क ठेवला असता तर तोही मेलेला दिसला असता आणि त्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून तुलनेच्या फ्लास्कशिवायची नोंद मी कुणाच्याच वहीत मान्य करत नाही.

तुलनेचा फ्लास्क हिरवागार आणि दुसरा फिका, असं झालं की फिका द्रव ०.४५ मधून गाळा आणि नव्या संस्कृतीत शंभरास एक या प्रमाणात घाला. ती फुटली तर परत तसंच. तीनदा लागोपाठ लागण पुढे गेली तरच तो पसरणारा विषाणू म्हणायचा. विष किंवा औषध असतं तर दर वेळी शंभरपट पातळ होऊन निष्प्रभ झालं असतं.

आता एकच विषाणू वेगळा करायचा. या ठिकाणी घाई करू नका. समुद्राच्या थेंबातून एकाच यजमानावरचे दोन-तीन जवळचे भाऊबंद एकत्र आलेले असू शकतात. तसेच पुढे पाठवले तर कॉम्प्युटरला ते वेगळे करता येत नाहीत आणि जीनोमचे तुकडे तुकडे हाती येतात. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये शैवाल भरा आणि विषाणूचं पाणी दर खणाला दहापट पातळ करत जा. ज्या शेवटच्या खणात पेशी फुटल्या, त्यात बहुधा एकाच कणापासून सुरुवात झालेली असते. तो खण उचला, वाढवा, परत पातळ करा. असं तीनदा. दोन महिने जातात, जाऊ द्या.

डीएनए काढणे

दोन लिटर संस्कृती वाढवून तिला लागण करा. पूर्ण फुटली की आधी हलक्या सेंट्रिफ्यूजने पेशींचा चोथा खाली बसवा, वरचा द्रव ०.४५ मधून गाळा. मग पीईजी-८००० (विषाणू खाली बसवणारं रसायन) दहा टक्के घाला, विरघळेपर्यंत हळू ढवळा आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. मीठ वेगळं घालावं लागत नाही, समुद्राच्या पाण्यात ते पुरेसं आहे. सकाळी १०,००० जी वर तासभर फिरवलं की ट्यूबच्या भिंतीला पुसट, दुधी डाग दिसतो. तो डाग म्हणजे तुमचे विषाणू. तो सहज नजरेतून सुटतो, म्हणून ट्यूब रोटरमध्ये ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. विषाणूचं कवच फोडायच्या आधी डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) घाला, ३७ अंशांवर तासभर. फुटलेल्या शैवालाचा आणि बॅक्टेरियांचा डीएनए त्या द्रवात मोकळा तरंगत असतो, तो डीएनेज खाऊन टाकतो. विषाणूचा डीएनए कवचात सुरक्षित असतो. नंतर ईडीटीए घालून डीएनेज बंद करा आणि मगच प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर) व एसडीएस (साबणासारखं रसायन) घालून ५५ अंशांवर कवच फोडा. माझ्या पहिल्या नमुन्यात मी ही पायरी गाळली होती. डेटा आला तेव्हा दहातले नऊ तुकडे बॅक्टेरियांचे निघाले आणि त्या वर्षाचं अनुदान तिथेच संपलं.

पुढे फिनॉल-क्लोरोफॉर्म आणि थंड अल्कोहोल. लांब डीएनए हा ओल्या शेवईसारखा असतो, जोरात ढवळलं की तुटतो. व्हॉर्टेक्सला हात लावू नका, ट्यूब हळू उलटी-सुलटी करा, आणि पिपेटच्या टिपचं टोक निर्जंतुक ब्लेडने कापून भोक मोठं करून घ्या. अल्कोहोलमध्ये पांढरा धागा दिसला की काम बरं झालं समजा.

डीएनएची मोजणी क्युबिट या यंत्रावर करा. नॅनोड्रॉप या दुसऱ्या यंत्राचा आकडा शैवालाच्या बाबतीत फुगतो. पण २६०/२८० आणि २६०/२३० ही शुद्धता दाखवणारी गुणोत्तरं नॅनोड्रॉपवरच पाहा. पहिलं १.८ च्या आसपास हवं, दुसरं २ च्या. दुसरं फार खाली असेल तर शैवालाचा बुळबुळीत पिष्टमय अंश किंवा फिनॉल उरलंय, परत धुवा. शेवटी १६एस (बॅक्टेरियांचं ओळख-जनुक) आणि १८एस (शैवालाचं) यांची पीसीआर लावा. बॅक्टेरिया आणि शैवाल या दोघांच्या पट्ट्या पुसट किंवा गायब असतील तरच नमुना पाठवण्यालायक.

धागाच आला नाही, क्युबिटही शून्य दाखवतंय, पण विषाणू मात्र शैवाल मारतोच आहे, असं झालं तर निराश होऊ नका. तो आरएनएचा असू शकतो. मग आरएनए काढून, त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत) करून वेगळ्या वाटेने जावं लागतं.

पाठवणे: किती डेटा मागायचा

बेंगळुरू, पुणे, हैदराबाद इथल्या खासगी लॅब हे काम करतात, कुरियर एका रात्रीत पोचतं. नमुना देशातच राहिला तर गोष्ट सोपी. परदेशी पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का, ते आधी तपासा.

हिशोब स्वतः करा. ६ लाख ६८ हजार बेसचा जीनोम शंभर वेळा वाचायचा तर ६ कोटी ६८ लाख बेस लागतात. इल्युमिना मशीनच्या, दोन्ही टोकांकडून दीडशे-दीडशे बेस वाचलेल्या जोड्या घेतल्या तर सव्वादोन लाख जोड्या झाल्या. लॅबवाले याच्या कितीतरी पट डेटा देऊ करतात. नमुना स्वच्छ असेल तर त्याची गरज नाही, आणि नमुना घाण असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

वाचन म्हणजे मशीन एका दमात वाचतं तो डीएनएचा तुकडा. आखूड वाचन घ्यावं की लांब? भजनी मंडळाची जुनी वही फाटून तिचे कपटे झाले, अशी कल्पना करा. प्रत्येक कपट्यावर एकच ओळ असेल तर धृपदाच्या ओळीचा कपटा कुठल्या अभंगातला ते कळणार नाही, कारण ते पुन्हा पुन्हा येतं. कपट्यावर दोन-तीन कडवी असतील तर कळेल. या विषाणूंच्या जीनोममध्ये अशी धृपदं, म्हणजे पुनरावृत्त भाग, पुष्कळ असतात. म्हणून नॅनोपोर किंवा पॅकबायो या मशीनचं लांब वाचन सांगाड्यासाठी आणि इल्युमिनाचं अक्षरं दुरुस्त करायला, असं दोन्ही घ्या. एकाचेच पैसे असतील तर मी लांब वाचन घेईन. कच्च्या फास्टक्यू फाइल (मशीनने वाचलेली अक्षरं आणि त्यांची गुणवत्ता) मागून घ्यायला विसरू नका. नुसता तयार अहवाल कामाचा नाही.

कॉम्प्युटरवर

लिनक्स येत नसेल तर गॅलेक्सी या मोफत सर्व्हरवर ब्राउझरमधून सगळं करता येतं. आधी फास्टक्यूसीने गुणवत्ता पाहा, फास्टपीने खराब टोकं कापा. मग तुकडे जोडायचे, याला जुळणी म्हणतात: लांब वाचनासाठी फ्लाय, आखूडसाठी स्पेड्स हे प्रोग्राम. डेटा हजारपट असेल तर त्यातला शंभर-दोनशे पटीचा हिस्साच द्या, कारण जास्त डेटामधल्या चुकाही जास्त असतात आणि जुळणी बिघडते.

जुळणीनंतर एक आलेख काढाच: प्रत्येक तुकड्याचं जीसी प्रमाण (त्यातल्या जी आणि सी अक्षरांची टक्केवारी) आडवं, किती वेळा वाचला गेला ते उभं. विषाणू, यजमान आणि बॅक्टेरिया वेगवेगळ्या पुंजक्यांत दिसतात. ईएचव्ही-८६ चं जीसी सुमारे ४० टक्के आहे आणि त्याच्या यजमानाचं ६५ च्या आसपास, म्हणजे तिथे नुसत्या नजरेने निवड होते. मग मिनिमॅप२ ने सगळं वाचन विषाणूच्या तुकड्यावर परत बसवा आणि जाडी, म्हणजे एका जागी किती वाचनं बसली ते, सारखी आहे का पाहा. मध्येच खड्डा असेल तर तिथे चुकीची जोडणी झालेली असते. टोकाला जाडी दुप्पट असेल तर तिथे पुनरावृत्ती आहे. प्रोग्रामने "वर्तुळाकार" लिहिलं म्हणून लगेच वर्तुळ मानू नका. गोड्या पाण्यातल्या शैवालावरचा प्रसिद्ध विषाणू पीबीसीव्ही-१ याचा जीनोम सरळ रेषेतला आहे, त्याची दोन्ही टोकं केसाच्या पिनेसारखी वळून बंद झालेली आहेत आणि तिथे २ हजारांहून जास्त बेसची उलटी पुनरावृत्ती आहे. टोकांचा निर्णय वाचन डोळ्यांनी पाहूनच घ्या.

जनुकं शोधायला प्रॉडिगल, ओळखीच्या जनुकांशी ताडून ओळख पटवायला ब्लास्ट, आणि ब्लास्टला काही सापडलं नाही तिथे एचएचप्रेड. बहुतेक जनुकांची ओळख पटणार नाही. ईएचव्ही-८६ च्या ४७२ पैकी ६६ जनुकांचंच काम तेव्हा सांगता आलं होतं. "अज्ञात प्रथिन" असं शेकडो वेळा लिहावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. ओढूनताणून नाव देणं मात्र टाळा, पुढचा माणूस तेच नाव उचलून पुढे नेतो. मुख्य कवच-प्रथिन आणि डीएनए पॉलिमरेज-बी ही दोन जनुकं सापडलीच पाहिजेत. पॉलिमरेजचं माफ्टने इतर विषाणूंच्या पॉलिमरेजशी संरेखन करून (म्हणजे अक्षरं एकाखाली एक जुळवून) आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष काढला की आपला विषाणू कुठल्या घराण्यातला ते दिसतं.

जीनोम आणि कच्चा डेटा जेनबँक या आंतरराष्ट्रीय जनुक-संग्रहात किंवा फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करा. तिथल्या फॉर्ममधला "ठिकाण" हा रकाना तुमच्या पेन्सिलीच्या नोंदीवरून भरायचा.

आणि खरा विषाणू जपून ठेवा. गोठवल्यावर यातले अनेक लागण करायची ताकद गमावतात, म्हणून गाळलेला द्रव काळ्या कागदात गुंडाळून ४ अंशांवर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ताज्या टेट्रासेल्मिसवर एकदा फिरवून नवा साठा करा. बाटलीवर विषाणूचं नाव, यजमानाचं नाव, कितवी फेरी आणि तारीख लिहा. आमच्याकडे दोन बाटल्या असतात, एक आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आणि एक दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजमध्ये, कारण मे महिन्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.